सतरा वर्षांखालचा विश्वचषक

सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक ही फिफा या जागतिक संघटनेची स्पर्धा. तिच्यात क्लब उतरत नाहीत, देश उतरतात. सोळा-सतरा वर्षांची मुले देशाची जर्सी घालून राष्ट्रगीताला रांगेत उभी राहतात आणि मोठ्यांसारखाच ९० मिनिटांचा सामना खेळतात. पात्रता फेऱ्या खंडांनुसार होतात, मग गटसाखळी, बाद फेरी आणि अंतिम सामना. नियमातला एक बदल मात्र महत्त्वाचा आहे. बाद फेरीत बरोबरी झाली, तर मुलांना जादा वेळ खेळवत नाहीत. थेट पेनल्टी शूटआउट होतो. थोड्या दिवसांच्या अंतराने सामने खेळणाऱ्या वाढत्या वयाच्या शरीरांवर ताण पडू नये, हे त्यामागचे कारण.

वयाची अट जन्मसालावर ठरते. २०१७ च्या स्पर्धेसाठी खेळाडू १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला असणे आवश्यक होते. म्हणजे जानेवारी २००० मध्ये जन्मलेला मुलगा ऑक्टोबर २०१७ मध्ये पावणेअठरा वर्षांचा असूनही पात्र ठरला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा पूर्ण सतराचाही झालेला नसताना त्याच्याशी झुंजला. या वयात अकरा महिन्यांचा फरक लहान नसतो. उंची, खांद्यांची रुंदी, धावण्याचा वेग, सगळ्यांत तो दिसतो. त्यामुळे अनेक देशांच्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा भरणा आढळतो. निवड करणाऱ्याला वाटते, आपण गुणी मुलगा निवडला. कित्येकदा त्याने थोडा मोठा मुलगा निवडलेला असतो. ही स्पर्धा समजून घेताना हे पहिल्यापासून ध्यानात ठेवावे लागते, कारण तिचे बरेचसे निकाल आणि बरेचसे वाद वयाशीच येऊन भिडतात.

स्पर्धेचे मूळ सिंगापुरात आहे. तिथल्या फुटबॉल संघटनेने १९७७ साली लायन सिटी कप नावाची सोळा वर्षांखालील मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. फिफाचे तेव्हाचे सरचिटणीस सेप ब्लाटर १९८२ च्या लायन सिटी कपसाठी सिंगापूरला गेले होते. या वयाच्या मुलांची जागतिक स्पर्धा भरवावी, अशी शिफारस त्यांनी त्यानंतर केली आणि १९८५ साली चीनमध्ये १६ संघांची पहिली स्पर्धा झाली. वयोमर्यादा तेव्हा सोळाची होती. १९९१ पासून ती सतरा झाली. २००७ मध्ये संघ २४ झाले आणि अधिकृत नावात ‘विश्वचषक’ हा शब्द आला. एका लहान आशियाई शहर-राष्ट्राने आपल्या हिमतीवर सुरू केलेल्या स्पर्धेतून हे सारे उभे राहिले, ही गोष्ट फुटबॉलच्या इतिहासात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

चीनमधल्या त्या पहिल्या स्पर्धेला १२ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. बीजिंगमधल्या अंतिम सामन्यात नायजेरियाने पश्चिम जर्मनीला २-० असे हरवले. फिफाची कोणतीही स्पर्धा जिंकणारा तो पहिला आफ्रिकी देश. दोन वर्षांनी कॅनडात नायजेरिया पुन्हा अंतिम सामन्यात होता आणि सोव्हिएत संघाकडून पेनल्टींवर हरला. १९९१ मध्ये इटलीत घानाने स्पेनला नमवले, १९९३ मध्ये जपानमध्ये नायजेरिया आणि घाना हेच दोघे समोरासमोर आले, १९९५ मध्ये इक्वेडोरमध्ये घानाने ब्राझीलला ३-२ ने हरवले. पहिल्या सहा स्पर्धांपैकी चार पश्चिम आफ्रिकेने जिंकल्या. मोठ्यांच्या विश्वचषकात आफ्रिकेचा एकही संघ तोवर उपांत्य फेरीत पोहोचला नव्हता. १९९३ च्या विजेत्या नायजेरियन संघातला उंच, सडपातळ न्वांक्वो कानू तीन वर्षांनी अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार होता. तेव्हा ही मुले वाऱ्यावर विरून गेली, असेही सरसकट म्हणता येत नाही.

आफ्रिकी आणि आशियाई संघ युरोपला हरवू लागताच वयाची कुजबुज सुरू झाली. १९८९ ची स्पर्धा स्कॉटलंडमध्ये होती. यजमानांनी उपांत्य सामन्यात पोर्तुगालला हरवले. त्या पोर्तुगालकडून लुईश फिगो खेळत होता. अंतिम सामन्याला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर पन्नास हजारांहून अधिक लोक आले. स्कॉटलंड २-० ने पुढे होता. सौदी अरेबियाने बरोबरी साधली आणि पेनल्टींवर ५-४ ने चषक नेला. सौदी मुले खरोखर सोळाच्या आतली आहेत का, अशी शंका स्कॉटलंडमध्ये उघडपणे घेतली गेली. सिद्ध काहीच झाले नाही. त्याच सुमारास नायजेरियावर मात्र फिफाने कुमार स्पर्धांत खेळण्यास दोन वर्षांची बंदी घातली, कारण काही खेळाडूंच्या वेगवेगळ्या स्पर्धांतल्या जन्मतारखा एकमेकींशी जुळत नव्हत्या.

हा प्रश्न केवळ लबाडीचा नाही. जन्मनोंदणी हीच जिथे अनियमित असते, तिथे दाखल्यावरची तारीख म्हणजे कुणीतरी अंदाजाने सांगितलेली तारीख असू शकते. भारतातल्या जुन्या पिढ्यांना शाळेत घालताना १ जूनची जन्मतारीख कशी चिकटे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तरीही ज्या मुलाने खरे वय सांगितले त्याची जागा दुसऱ्याने खोट्या वयावर घ्यावी, हा अन्यायच. म्हणून २००९ पासून फिफाने या स्पर्धेत मनगटाच्या एमआरआय तपासणीचा आधार घेतला. मनगटाजवळ हाताच्या लांब हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. वय वाढते तशी ती हाडात मिसळत जाते आणि वाढ संपली की पूर्ण बुजते. सतरा वर्षे पूर्ण होण्याआधी ती पूर्णपणे बुजलेली असणे फार क्वचित घडते. क्ष-किरणांनीही हे कळते, पण त्यात मुलांच्या शरीरात विनाकारण किरणोत्सार जातो. एमआरआयमध्ये तो धोका नाही.

तपासणी सुरू होताच बऱ्याच देशांनी स्पर्धेआधीच आपल्या मुलांची मनगटे तपासून घेतली आणि काही संघांत मोठे बदल झाले. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. ती मुलाचे नेमके वय सांगत नाही, त्याची हाडे प्रौढ झाली आहेत की नाहीत एवढेच सांगते. एखादा लवकर वाढलेला खरा सोळा वर्षांचा मुलगा तिच्यामुळे बाहेर पडू शकतो, आणि हाडे उशिरा पिकणारा अठरा वर्षांचा मुलगा आत राहू शकतो. सदोष असली तरी हातात असलेल्या उपायांत ती सर्वांत न्याय्य आहे, आणि तिच्यानंतरही २०१३ व २०१५ चे चषक नायजेरियानेच जिंकले. आफ्रिकी यश म्हणजे निव्वळ वयचोरी, असे ठरवून मोकळे होणाऱ्यांना ते दोन चषक हे पुरेसे उत्तर आहे.

जिंकणाऱ्यांची यादी पाहिली की आणखी एक कोडे समोर येते. नायजेरिया ५ वेळा विजेता आहे, ब्राझील ४ वेळा, घाना आणि मेक्सिको प्रत्येकी २ वेळा. सोव्हिएत संघ, सौदी अरेबिया, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इंग्लंड, जर्मनी आणि पोर्तुगाल यांना प्रत्येकी एकेक चषक मिळाला आहे. मोठ्यांचा विश्वचषक तीनदा जिंकणाऱ्या अर्जेंटिनाला इथे एकदाही अंतिम सामना गाठता आलेला नाही. स्पेन १९९१, २००३, २००७ आणि २०१७ असे चारदा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चारही वेळा हरला. उलट नायजेरियाचा मोठ्यांचा संघ विश्वचषकात शेवटच्या १६ संघांपलीकडे कधीच गेलेला नाही.

स्पेनचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९९७ च्या इजिप्तमधल्या स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या स्पॅनिश संघात इकेर कासियास आणि झावी होते. २००३ मध्ये फिनलंडमध्ये सेस्क फॅब्रेगास स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच संघात दाविद सिल्वा होता. हे चौघेही २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत जग जिंकणाऱ्या संघात होते. कुमारांचा चषक न जिंकताही स्पेनला या स्पर्धेतून जे हवे होते ते मिळत गेले, कारण तिथे सोळा वर्षांच्या मुलाच्या पुढे अठराचा, विशीचा आणि मग मोठ्यांचा संघ अशी अखंड वाट तयार होती. क्लबच्या अकादमीत शिकवण्याची पद्धत तीच, चेंडू पायाशी ठेवून खेळण्याची शैली तीच, आणि दर आठवड्याला स्पर्धात्मक सामना ठरलेला. नायजेरियाकडे सोळाव्या वर्षापर्यंतची गुणवत्ता अफाट होती. सतरा ते बावीस या वर्षांत मुलाने कुठे खेळायचे, याचे उत्तर देशात नव्हते. ती मुले युरोपातल्या क्लबांच्या दारात पोहोचत. काहींना आत घेतले जाई, बऱ्याच जणांना नाही.

एकेका खेळाडूची कहाणीही अशीच दोन टोकांची. २००७ च्या कोरियातल्या स्पर्धेत जर्मनीचा टोनी क्रूस सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१४ मध्ये विश्वविजेता झाला. २००९ मध्ये नायजेरियात अंतिम सामना जिंकणाऱ्या स्विस संघातले हारिस सेफेरोविच, ग्रानिट झाका आणि रिकार्डो रोड्रिगेस पुढे दशकभर स्वित्झर्लंडच्या मुख्य संघाचे आधार राहिले. त्याच स्पर्धेत नेयमार आणि कुटिन्यो असलेला ब्राझीलचा संघ गटसाखळीतच गारद झाला होता. १९९१ चा सर्वोत्तम खेळाडू, घानाचा नी लॅम्प्टी, अनेक देशांत क्लब बदलत राहिला आणि त्याच्याकडून जी अपेक्षा होती तिथपर्यंत कधीच पोहोचला नाही.

२०११ मध्ये मेक्सिकोच्या हुलिओ गोमेसने जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात डोक्याला जखम होऊन पट्टी बांधलेली असताना, सामना संपता संपता हवेत उलटे झेपावून विजयी गोल केला. टोरेऑनच्या मैदानावरचा तो गोल मेक्सिकोत आजही दाखवला जातो. आठवडाभरात अझ्टेका स्टेडियमवर लाखाच्या आसपास प्रेक्षकांपुढे मेक्सिकोने उरुग्वेला हरवले आणि गोमेस स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मोठ्यांच्या विश्वचषकात मात्र तो कधीच दिसला नाही. उलट बाजूला लिओनेल मेस्सी आणि किलियन एम्बापे या दोघांनी ही स्पर्धा खेळलेलीच नाही. सोळाव्या वर्षी कोण पुढे आहे हे ही स्पर्धा अचूक सांगते; पंचविसाव्या वर्षी कोण पुढे असेल, हे तिला सांगता येत नाही. तिच्याकडून ती अपेक्षा करणेही चूक. तिचा खरा उपयोग वेगळा आहे. एखाद्या देशात दहा ते सोळा या वयाच्या मुलांना नियमित आणि चांगले फुटबॉल खेळायला मिळते की नाही, हे तिच्या तीन आठवड्यांत लपत नाही.

मैदानावरचा खेळही मोठ्यांपेक्षा निराळा असतो. बचाव अजून पक्का झालेला नसतो, धोका पत्करण्याची हौस दांडगी असते, आणि दोन गोलांची आघाडी सांभाळत बसण्याचे शहाणपण फार थोड्यांना आलेले असते. त्यामुळे गोल भरपूर होतात आणि सामने उलटतात. एकाच स्पर्धेत सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम नायजेरियाच्या व्हिक्टर ओसिमेनने २०१५ मध्ये चिलीत १० गोल करून केला. पुढे नापोलीला इटालियन लीग जिंकून देणारा आघाडीपटू तो हाच.

फिफाने ही स्पर्धा नव्या नियमांच्या चाचणीसाठीही वापरली आहे. १९९३ मध्ये जपानमध्ये चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर हाताने फेकण्याऐवजी पायाने मारून आत आणण्याचा प्रयोग झाला. तो मागे पडला. २००५ मध्ये पेरूत चेंडूत चिप बसवून गोलरेषा ओलांडली की नाही हे ओळखण्याची चाचणी झाली. ती लगेच स्वीकारली गेली नाही, पण गोलरेषा तंत्र आज मोठ्या स्पर्धांत रूढ आहे. मुलांच्या स्पर्धेत प्रयोग करावेत का, यावर मतभेद असू शकतात. चषक त्यांच्यासाठीही खराच असतो.

भारताचा या स्पर्धेशी थेट संबंध आला तो २०१७ मध्ये. यजमानपद डिसेंबर २०१३ मध्ये मिळाले आणि त्याबरोबर यजमान म्हणून थेट प्रवेश. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारत त्याआधी खेळला नव्हता. संघ जवळजवळ शून्यातून उभारावा लागला. आधी जर्मन प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम, मग पोर्तुगालचे लुईश नॉर्टन द मातोश यांनी मुले घडवली. सरावाचा मुख्य तळ गोव्यात होता. २१ जणांच्या अंतिम संघात ८ मुले एकट्या मणिपूरची होती, कर्णधार अमरजित सिंग कियाम हाही मणिपूरचाच. महाराष्ट्राचा अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला. अमेरिकेत न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडेही या संघात होता.

अनिकेत कोल्हापूरचा असणे हा योगायोग नव्हे. या शहरात पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशा पेठापेठांच्या संघांचे फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि शाहू स्टेडियमवर हंगामातल्या सामन्यांना गर्दी लोटते. गोव्यातही असेच. तिथे गावोगावच्या मैदानांवर संध्याकाळी चेंडू असतोच, आणि साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स या क्लबांनी देशाला खेळाडू दिले. मणिपूरचेही तेच. जिथे लहान मुलांच्या हाताशी मैदान आणि खेळायला दुसरा संघ आहे, तिथूनच भारताचे खेळाडू आले. देशाच्या लोकसंख्येचा आकडा मोठा असला, तरी फुटबॉल खेळणारा देश त्या मानाने फार लहान आहे, हे या २१ नावांतून उघड झाले.

भारताचे तिन्ही सामने दिल्लीत झाले. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. यातला ९ ऑक्टोबरचा कोलंबियाविरुद्धचा सामना भारतीय फुटबॉलच्या इतिहासात कायम राहील. ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने घेतलेल्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगने उंच उडी मारून हेडरने गोल केला: कोणत्याही वयोगटातल्या फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. स्टेडियम उसळले, आणि ती लाट ओसरण्यापूर्वीच पुढच्या मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोझाने आपला दुसरा गोल करून सामना काढून घेतला. त्या एका मिनिटात दोन संघांमधले अंतर जितके स्पष्ट दिसले तितके घानाविरुद्धच्या चार गोलांतही दिसले नाही. बरोबरी होताच क्षणभरही न विस्कटता पुन्हा चाल रचायची, हे शेकडो स्पर्धात्मक सामने खेळून अंगी येते. भारतीय मुलांनी जिद्द पुरेपूर दाखवली. कमी होते ते सामने.

स्पर्धा म्हणून मात्र २०१७ चे आयोजन आधीच्या सगळ्या आवृत्त्यांच्या पुढे गेले. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगाव आणि नवी मुंबई या सहा ठिकाणी मिळून १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक आले आणि चीनचा १९८५ चा विक्रम मोडला. १८३ गोल झाले, तोही तेव्हाचा विक्रम. मडगावच्या फातोर्डा मैदानावर इराणने जर्मनीला ४-० असे धुऊन काढले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने मालीला ३-१ ने हरवून अंतिम फेरी गाठली. गुवाहाटीचे मैदान पावसाने खराब झाल्यामुळे ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना ऐनवेळी कोलकात्याला हलवावा लागला. तरीही सॉल्ट लेक स्टेडियम भरले. त्या सामन्यात इंग्लंडच्या ऱ्हियान ब्रूस्टरने तीन गोल केले.

२८ ऑक्टोबरचा कोलकात्यातला अंतिम सामना या स्पर्धेच्या इतिहासातल्या सर्वोत्तम सामन्यांपैकी आहे. स्पेन २-० ने पुढे होता. मध्यंतरापूर्वी ब्रूस्टरने एक गोल फेडला, आणि उत्तरार्धात इंग्लंडने खेळाचा सारा ताबा घेऊन ५-२ ने चषक जिंकला. दोन गोल करणारा फिल फोडेन सर्वोत्तम खेळाडू ठरला. ८ गोलांसह ब्रूस्टर सर्वाधिक गोल करणारा. फोडेन, मार्क गेही, कॉनर गॅलाघर, कॅलम हडसन-ओडोई हे सारे पुढे इंग्लंडच्या मुख्य संघात गेले. इतक्या मुलांनी एकाच कुमार संघातून वर जाणे विरळाच. त्यामागे इंग्लिश क्लबांनी आधीच्या काही वर्षांत अकादम्यांवर घेतलेली मेहनत होती. त्या रात्री मैदानात असलेल्या भारतीय प्रेक्षकांनी पुढच्या दशकातले फुटबॉल आधीच पाहून घेतले.

मुलींची सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा बरीच उशिरा, २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झाली. पहिला चषक उत्तर कोरियाने जिंकला आणि २०२५ पर्यंत त्याने असे ४ चषक मिळवले. इथे सत्तेचा नकाशा मुलांपेक्षा वेगळाच आहे: उत्तर कोरिया, दक्षिण कोरिया, जपान, स्पेन, फ्रान्स. पूर्व आशियाचा हा दबदबा नुसत्या शरीरबळाचा नाही. चेंडूवरचा ताबा आणि अचूक पास यांवर तिथे मुलींकडून लहानपणापासून कसून मेहनत करून घेतली जाते.

भारतात २०२० मध्ये व्हायची मुलींची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली. २०२२ चे यजमानपद मिळाले, तर ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला बाहेरच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून निलंबित केले. स्पर्धा दोन महिन्यांवर आलेली असताना ती हातची जाण्याची वेळ आली. मोठ्यांच्या भांडणाची किंमत शाळकरी मुलींना मोजावी लागणार होती. सुदैवाने निलंबन त्याच महिन्याच्या अखेरीस उठले. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे सामने झाले. भुवनेश्वरला झारखंडच्या अष्टम उरांवच्या नेतृत्वाखाली उतरलेला भारतीय संघ अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. अष्टम गुमला जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली. या मुलींना जगातल्या सर्वोत्तम संघांसमोर उभे करण्याआधी देशात त्यांना मुलींच्याच स्पर्धात्मक लीगमध्ये पुरेसे खेळू दिले गेले नव्हते. त्या गोलांचा हिशेब मागायचा तर तो मुलींकडे नव्हे, तशी लीग न उभारणाऱ्यांकडे मागायला हवा. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवून चषक राखला. कोलंबियाकडून खेळणारी लिंडा कैसेदो आणि स्पेनची विकी लोपेझ पुढे लवकरच महिला फुटबॉलमधली ठळक नावे झाली.

कोविडने मुलांची २०२१ ची स्पर्धाही गिळली. २०२३ ची इंडोनेशियात झाली आणि जर्मनीने फ्रान्सला पेनल्टींवर हरवून आपला पहिला चषक मिळवला. त्यानंतर फिफाने स्पर्धेचे रूपच बदलले. २०२५ पासून ती वर्षाआड नव्हे, दरवर्षी होते; २०२९ पर्यंतच्या पाचही आवृत्त्या कतारकडे आहेत; आणि संघ २४ वरून ४८ झाले आहेत. नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या मोठ्या आवृत्तीत पोर्तुगालने ऑस्ट्रियाला १-० ने हरवून प्रथमच हा चषक जिंकला. वार्षिक स्पर्धेचा एक फायदा निर्विवाद आहे. वर्षाआडच्या वेळापत्रकात एका सालात जन्मलेल्या मुलांना आयुष्यात योग्य वयाची संधी मिळे आणि त्याआधीच्या सालातल्यांना मिळत नसे. आता प्रत्येक जन्मसालाला आपली स्पर्धा आहे. तोटाही दिसतो. संघ वाढल्यामुळे मोठ्या फरकाचे सामने वाढले, आणि एकाच देशात पाच वर्षे स्पर्धा ठेवल्यामुळे कोलकाता किंवा अझ्टेकासारखी यजमान शहराची गर्दी तिला लाभणे कठीण आहे. कोवळ्या खेळाडूंना भरलेल्या स्टेडियमचा अनुभव देणे हा या स्पर्धेचा मोठा गुण होता; तो सोडायला नको होता.

आशियाला या नव्या रचनेत यजमान कतार धरून ९ जागा आहेत. सोळा संघांच्या आशियाई चषकात उपांत्यपूर्व फेरी गाठली की विश्वचषकाचे दार उघडते. पूर्वी आशियातून पहिल्या चारांत यावे लागे. भारत २०१८ मध्ये तिथे अगदी जवळ आला होता. गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखालील सोळा वर्षांखालील संघाने मलेशियात आशियाई स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि दक्षिण कोरियाकडून एका गोलाने हरला. आजच्या नियमाने तो संघ विश्वचषकात गेला असता. त्या मुलांसाठी कोणी स्टेडियम बांधले नव्हते की मोहीम काढली नव्हती. त्यांनी परदेशात आणि देशात भरपूर सामने खेळले होते. महाराष्ट्रात २०१७ मध्ये एका दिवशी लाखो मुलांच्या पायाशी चेंडू देण्याचा कार्यक्रम सरकारने उत्साहाने केला. त्याच्या जोडीला जिल्ह्याजिल्ह्यांत तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांखालील मुलामुलींची वर्षभर चालणारी लीग उभी करणे हे काम अजून व्हायचे आहे, आणि राज्यातल्या संघटना, शाळा व क्लबांनी ते पहिल्यांदा हाती घ्यावे. २०२५ पर्यंत झालेल्या मुलांच्या २० विश्वचषकांपैकी भारत फक्त एक खेळला आहे, आणि तोही यजमान म्हणून.